वातावरणाचे थर आणि आपला श्वास

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, "पृथ्वीचे वातावरण". पत्रिका वाटली गेल्यावर काहींनी विचारले, की विहारात धम्मावर बोलायचे सोडून हवेवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात माणसाचे शरीर पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार महाभूतांचे बनले आहे असे सांगितले आहे. मरणानंतर ती चारही आपापल्या साठ्यात जाऊन मिळतात, असेही त्यात येते. मग त्यातला वायूचा साठा केवढा आहे, कुठपर्यंत आहे, त्यात काय काय मिसळलेले आहे, एवढे तरी आपल्याला ठाऊक नको का?

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. महापरिनिब्बान सुत्तात भूकंपाचे कारण आनंदाला सांगताना, पृथ्वी पाण्यावर, पाणी वायूवर आणि वायू आकाशात स्थिर आहे असे वर्णन आहे. ती त्या काळची समजूत होती. आजचे सगळे विज्ञान आपल्या जुन्या ग्रंथांत आधीच होते, असे म्हणण्याची खोड दुसऱ्यांना आहे, ती आपण लावून घेऊ नये. कालामांना जे सांगितले गेले तेच आपल्याला पुरे आहे. ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानायचे नाही, तपासून बघायचे.

तर तपासून बघू या.

या सभागृहात समजा शंभर माणसे बसली आहेत. कोरडी, स्वच्छ हवा म्हणजे ही शंभर माणसे धरली, तर त्यातली ७८ नायट्रोजनची, २१ ऑक्सिजनची आणि उरलेले एक आर्गॉनचे. झाली शंभर. मग कार्बन डायऑक्साइड कुठे गेला? त्याला शंभरांच्या सभेत जागाच मिळत नाही. त्याच्यासाठी दहा हजारांची सभा भरवावी लागते, तेव्हा कुठे तो चार जागांवर बसलेला दिसतो. हेलियम शोधायचा असेल तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जावे. तिथे दहा लाख लोक आहेत असे धरले, तर त्यात हेलियमची माणसे पाच. पाण्याची वाफ या हिशेबात धरत नाहीत, कारण ती ठिकाणाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलते. विदर्भात मे महिन्यात ती कमी असते, कोकणात जुलैमध्ये शंभरात तीन-चारपर्यंत जाते.

हेलियमचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर करतो. हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, असे आपल्याकडे मोठ्या हौसेने सांगतात. तिथे इंग्रज साहेबाने दुर्बिणी ठेवायला बांधलेला कट्टाही दाखवतात. आता तपासून बघा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून केले. नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात सूर्यप्रकाशातली ती पिवळी रेघ पाहिली, पण इंग्लंडमधून. लॉकियर विजयदुर्गास आले हे खरे, मात्र ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षे झाली होती. किल्ल्याचा मान यामुळे काही कमी होत नाही. एवढेच, की दहा जणांनी सांगितलेली गोष्टही तारीख लावून बघावी.

असो. हवेतल्या प्रत्येक घटकाचे काम वेगळे. नायट्रोजन हा संथ स्वभावाचा. तो एवढा आहे म्हणून आग आवरते. हवा नुसती ऑक्सिजनची असती तर एका काडीने वस्ती पेटली असती. आपल्या शेतातली तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून पिकाला देतात, म्हणून डाळीचे पीक घेतले की जमीन सुधारते, हे आपल्या आज्या-पणज्यांना नाव न कळताही ठाऊक होते. ऑक्सिजन मात्र चपळ. लोखंड गंजवतो, दिवा पेटवतो, अन्न जाळून शरीराला ऊब देतो. आणि हा पृथ्वीवर मुळात नव्हताच. सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी सूक्ष्म जीवांनी सूर्यप्रकाश वापरून अन्न बनवायला सुरुवात केली, त्यांनी टाकून दिलेला वायू साठत साठत आजचे २१ टक्के झाले. जीव आहेत म्हणून ऑक्सिजन, आणि ऑक्सिजन आहे म्हणून आपल्यासारखे जीव. हे होते म्हणून ते होते. याला आपल्याकडे शब्द आहे, तो भन्तेजी आमच्यापेक्षा चांगला समजावून सांगतील.

आता श्वास. आनापानसती करणाऱ्यांना श्वासाकडे लक्ष देण्याची सवय असते, त्यांनी हा हिशेबही लक्षात ठेवावा. शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो, मिनिटाला पंधराएक वेळा. दिवसाची झाली दहा हजार लिटरच्या वर. आत जाते तेव्हा तिच्यात ऑक्सिजन २१ टक्के असतो, बाहेर येते तेव्हा १६-१७. कार्बन डायऑक्साइड आत जाताना नावालाच असतो, बाहेर येताना चार टक्क्यांच्या आसपास. नायट्रोजन आणि आर्गॉन जसे गेले तसे परत.

या आर्गॉनची गंमत ऐका. हा वायू १८९४ साली रॅले आणि रॅमसे या दोघांनी शोधला. तो कुणाशी संयोग पावत नाही, जळत नाही, विरघळून हरवतही नाही असे म्हटले तरी चालेल. हार्लो शॅप्ली या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने यावरून एक हिशेब लोकांपुढे मांडला होता. आपल्या एका श्वासात आर्गॉनचे अणू असतात एकावर वीस शून्ये, एवढे. आपण ते सोडले की वारे त्यांना वर्षा-दोन वर्षांत पृथ्वीभर पसरवतात. आम्ही हाच हिशेब तथागतांच्या ८० वर्षांच्या आयुष्याला लावून पाहिला. उत्तर येते ते असे, की आत्ता या क्षणी तुम्ही जो श्वास घेतला, त्यात तथागतांच्या छातीतून जाऊन आलेले आर्गॉनचे लाखो अणू आहेत. यात चमत्कार काही नाही, नुसता गुणाकार-भागाकार आहे. आणि ते फक्त तथागतांच्याच छातीतून आलेले आहेत असेही नाही. अंगुलिमालाच्याही, आम्रपालीच्याही. सावली पडली म्हणून ज्यांनी आपल्या पूर्वजांना शिव्या घातल्या त्यांच्याही. आणि ते शिव्या घालणारेसुद्धा आयुष्यभर आपल्याच माणसांनी सोडलेली हवा आत ओढत होते.

पाण्याला कुलूप लावता आले. विहिरीला काठ असतो, तळ्याला पायऱ्या असतात, तिथे माणूस उभा करून दुसऱ्याला अडवता येते. म्हणून २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना ओंजळ भरावी लागली. हवेला काठ नाही. तिला विटाळ लावण्याची युक्ती मनुस्मृतीकारांनाही सुचली नाही. महाराहुलोवाद सुत्तात तथागत राहुलाला वाऱ्यासारखे मन करायला सांगतात, तेही याच अर्थाने. वारा स्वच्छावरून जातो, घाणीवरूनही जातो, किळस कुणाची करत नाही.

आता या साठ्याची उंची पाहू. हवेला वजन असते हे पुष्कळांना पटत नाही. १६४३ मध्ये इटलीत टॉरिचेलीने नळीत पारा भरून दाखवले, की बाहेरची हवा ७६ सेंटिमीटर पारा पेलून धरते. पुढे पास्कलने आपल्या मेव्हण्याला, पेरिए त्याचे नाव, ती नळी घेऊन फ्रान्समधल्या एका डोंगरावर पाठवले. १९ सप्टेंबर १६४८ ची ही गोष्ट. वर जाताना पारा खाली उतरत गेला. म्हणजे जसजसे वर जावे तसतशी डोक्यावरची हवा कमी. समुद्रकाठी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो हवेचा भार असतो. आपला तळहात धरला तर त्यावर क्विंटलभर. हात मोडत नाही, कारण तेवढाच दाब खालूनही असतो. आपल्या कळसूबाईच्या शिखरावर, १,६४६ मीटरवर, समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ पाचव्या हिश्श्याने हवा कमी असते. लेहला सुमारे दोन-तृतीयांश उरते, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक-तृतीयांश.

वातावरणाचे थर म्हणजे चाळीचे मजले समजा. फरक असा, की या चाळीत जवळजवळ सगळे भाडेकरू तळमजल्यावर. तळमजल्याचे नाव तपांबर. आपल्याकडे विषुववृत्ताच्या बाजूला तो सोळा-सतरा किलोमीटर उंच असतो, ध्रुवांवर आठ-नऊ. एकूण हवेचा पाऊण हिस्सा आणि जवळजवळ सगळी वाफ याच मजल्यावर. ढग, पाऊस, वीज, वादळ, मृगाचा वारा, सगळा संसार इथेच. दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंडी वाढत जाते, कारण हा मजला सूर्याने वरून तापत नाही, जमिनीने खालून तापतो, चुलीवरच्या भांड्यासारखा. कधी कधी हे उलटे होते. थंडीत पहाटे जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि तिच्यावर ऊबदार हवेचे झाकण बसते. मग वस्तीतल्या चुलींचा, शेकोट्यांचा, जवळच्या कारखान्याचा धूर वर जातच नाही, छपरांच्या उंचीला आडवा तरंगत राहतो. पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. दम्याच्या माणसाला शब्द माहीत नसला तरी ती पहाट माहीत असते. दूषित हवेचा वाटा कुणाला जास्त मिळतो, हे धुराड्याच्या बाजूला कुणाची घरे आहेत त्यावरून ठरते, ते निसर्ग ठरवत नाही.

तळमजल्याच्या वर स्थितांबर, सुमारे पन्नास किलोमीटरपर्यंत. १९०२ साली तेसराँ द बोर या फ्रेंच माणसाने शेकडो फुगे सोडून पाहिले, तेव्हा कळले की एका उंचीनंतर थंडी वाढायची थांबते. पुढे तर उष्णता वाढू लागते. कारण तिथे ओझोन आहे. ओझोन म्हणजे ऑक्सिजनचाच भाऊ, दोनऐवजी तीन अणूंचा. तो सूर्याचे जंबुपार किरण स्वतः झेलतो, म्हणून तो मजला तापतो आणि आपली कातडी वाचते. सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर पसरला तर थर किती जाड होईल? तीन मिलिमीटर. एवढ्यावर आपण जगतो. थंड कपाटात आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन नावाचे वायू वर जाऊन तो खातात, असा इशारा मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ मध्ये दिला. कंपन्यांनी हसण्यावारी नेले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोन विरळ झाल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले. दोन वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलमध्ये करार झाला, पुढे जगातल्या सगळ्या देशांनी तो मानला, आणि आता तो थर हळूहळू भरून येतो आहे. अंटार्क्टिकावर तो १९८० च्या पातळीला यायला २०६६ च्या आसपास साल उजाडेल असा अंदाज आहे. म्हणजे या सतरंजीवरची मुले तेव्हा आमच्या वयाची असतील. चूक करायला पन्नास वर्षे, निस्तरायला आणखी ऐंशी.

कार्बन डायऑक्साइडचेही असेच. दहा हजारांत चार, म्हणून त्याला हिणवू नका. तो आणि वाफ नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान १५ अंशांऐवजी शून्याखाली १८ अंश असते. म्हणजे तो पाहिजे, पण मापात. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी तो दहा लाखांत २८० होता. १९५८ मध्ये कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर रोज मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या जवळ होता, २०२४ मध्ये ४२० च्या वर गेलेला आहे. याबद्दल वर्तमानपत्रात रोज येते, म्हणून आम्ही इथे वेळ घेत नाही.

तिसरा मजला मध्यांबर, पन्नासपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरपर्यंत. वरच्या टोकाला शून्याखाली नव्वद अंश, सगळ्या वातावरणात सर्वांत थंड जागा. रात्री तुटताना दिसतो तो तारा नव्हे, वाळूच्या कणाएवढी उल्का या भागात जळत असते. त्याच्या वर दलांबर. तिथे हवा इतकी विरळ, की तापमान हजार अंशांवर जाते आणि तरी तिथे उघडा हात धरला तर पोळणार नाही, कारण हाताला लागायला कणच नाहीत. अवकाशवीर राहतात ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर, म्हणजे याच थरात फिरते. सूर्याच्या किरणांनी इथल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणून या भागाला आयनांबर म्हणतात. रेडिओच्या लघुलहरी त्याच्यावर आपटून परत खाली येतात. कोलंबोहून निघालेली रेडिओ सिलोनची गाणी आपल्या चाळींतून ऐकू यायची, ती या छताची कृपा.

अणूंमधून इलेक्ट्रॉन किती उष्णतेला, किती दाबाला सुटतात, याचे गणित १९२० साली मेघनाद साहा यांनी मांडले. ताऱ्यांच्या वातावरणात काय आहे हे त्यामुळे जगाला वाचता आले. हे साहा ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किरकोळ दुकानदाराचे पोर. कलकत्त्याच्या वसतिगृहात वरच्या जातीची मुले त्यांना पंक्तीला बसू देत नसत, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. ज्याने ताऱ्यांच्या अंगातली हवा ओळखली, त्याच्या अंगावरची हवा शेजारच्या पाटाला चालत नव्हती.

सहाशे-सातशे किलोमीटरच्या पुढे बाह्यांबर, आणि ते विरत विरत पोकळीत जाते. मध्ये कुठेही स्वर्गलोक, इंद्रसभा, पितृलोक लागत नाही. फुगे गेले, विमाने गेली, अग्निबाण गेले, कुणाला दरबानाने अडवले नाही.

आता नीट ऐका, आम्हाला मुख्यतः जे सांगायचे आहे ते इथून पुढे आहे. 'मूकनायका'च्या पहिल्या अंकात, १९२० साली, बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजली मनोऱ्याची उपमा दिली, ज्याच्या एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडी नाही. वातावरणालाही मजले आहेत हे आपण पाहिले. तापमान निराळे, दाब निराळा. पण मिश्रण? तळापासून ऐंशी-नव्वद किलोमीटरपर्यंत नायट्रोजन ७८ आणि ऑक्सिजन २१ हे प्रमाण तेच राहते. डोंगरावर दम लागतो तो ऑक्सिजनचा टक्का घसरतो म्हणून नव्हे, सगळीच हवा विरळ होते म्हणून. खरे तर कार्बन डायऑक्साइड जड, तो तळाशी बसायला हवा होता. बसत नाही, कारण वारे, ऊन, वादळे हवा सतत घुसळत असतात. ताक घुसळत राहिले तर पाणी आणि ताक वेगळे होत नाही, तसे.

म्हणजे घुसळणे थांबले, की प्रमाण बिघडते. वर ऐंशी किलोमीटर जाऊन जे बदलत नाही ते जमिनीखाली दहा फुटांत बदलते. जुन्या जाणत्यांना हे माहीत होते. बंद पेवात धान्यही श्वास घेते, ऑक्सिजन संपवते, कार्बन डायऑक्साइड तळाशी साठतो. म्हणून पेव उघडले की लगेच उतरायचे नाही, आधी दोरीने कंदील सोडायचा, विझला तर थांबायचे. ऑक्सिजन सोळा-सतराच्या खाली गेला की ज्योत राहत नाही. पडीक विहिरीचेही तेच.

गटाराचे मॅनहोल आणि संडासाची टाकी याहून वाईट. झाकण बंद, वारा नाही, आणि आत मैला कुजतो आहे. कुजवणारे जिवाणू आधी ऑक्सिजन खाऊन टाकतात. तो संपल्यावर दुसऱ्या जातीचे जिवाणू काम हाती घेतात आणि मिथेन व हायड्रोजन सल्फाइड बनवतात. हवेचे सरासरी रेणुभार २९ धरले तर मिथेन १६, हलका. हायड्रोजन सल्फाइड ३४ आणि कार्बन डायऑक्साइड ४४, दोन्ही जड, तळाशी थांबणारे, म्हणजे माणूस वाकून काम करतो त्या उंचीला. वरून शांत दिसणाऱ्या गाळात हा वायू मुरलेला असतो. काठीने, फावड्याने ढवळला की एकदम सुटतो. झाकण उघडून पाहिले तेव्हा ठीक होते आणि पाच मिनिटांत माणूस पडला, असे होते ते यामुळे.

सगळ्यात फसवे काय, तर आपले नाक. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास दहा लाखांत एक भागाहून कमी असतानाही येतो. पण तो शंभर भागांवर गेला की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. उतरलेला माणूस म्हणतो, आता बरे वाटते, वास गेला. वास गेलेला नसतो, नाक गेलेले असते. पाचशे-सातशेला काही मिनिटांत माणूस कोसळतो, हजाराला एक-दोन श्वास पुरतात. ऑक्सिजनचा हिशेब निराळा ठेवायचा. साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली उतरू नये असा नियम आहे. दहाच्या खाली शुद्ध हरपते, सहाला काही मिनिटांत मृत्यू. फडके बांधून उपयोग नाही, साधा मास्क लावून नाही, गाळणीचा मास्कही नाही, कारण गाळणी ऑक्सिजन आणून देत नाही. नळीने बाहेरची हवा पुरवणारे किंवा पाठीवर हवेची टाकी असलेले साधन लागते. आणि पेवातली कंदिलाची युक्ती इथे चालत नाही. मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्के असला की ठिणगीने स्फोट होतो. गटारात दिवा, काडी, बिडी काहीही नेऊ नये. वायू मोजायचे लहान यंत्र मिळते, ते दोरीने सोडून तिन्ही उंचीला, वर, मध्ये आणि तळाशी, वाचायचे, आणि काम चालू असेपर्यंत वाचत राहायचे.

या खड्ड्यात कोण उतरतो हे तुम्हाला सांगायला नको. ज्या हवेला काठ नव्हता तिला इथे झाकण आहे, आणि झाकणाखाली कुणाला पाठवायचे हे जन्मावरून ठरते. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि टाक्या साफ करताना ३७७ माणसे मेली असा आकडा सरकारने संसदेत दिला. केंद्र सरकारच्या योजनेत नोंदलेल्या गटार कामगारांत दोन-तृतीयांशांहून जास्त अनुसूचित जातींचे निघाले. वर्तमानपत्रात बातमी येते ती "विषारी वायूने गुदमरून मृत्यू" अशी. वायू विषारी असतो खरा, पण तो स्वतःहून कुणाच्या घरी जात नाही.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे फक्त नगरपालिकेला लागू नाही, ठेकेदाराला लागू आहे आणि आपली टाकी भरली म्हणून कुणाला तरी पाचशे रुपये देऊन बोलावणाऱ्या घरमालकालाही लागू आहे. आपल्या लोकांनीही आता बंगले बांधले आहेत, सोसायट्या केल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. टाकी उपसायला यंत्राची गाडी बोलवावी. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात १९९३ पासून अशा मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम तीस लाख केली. पुष्कळ कुटुंबांना हे माहीत नसते आणि ठेकेदार पन्नास हजारांत अंगठा घेऊन जातो. विहार समितीने हे दोन्ही निकाल बाहेरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावावेत, अशी आमची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट, तरुणांसाठी. या बातम्यांत बहुधा एक नाव नसते, दोन-तीन असतात. पहिला पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला शेजारी. माया असते, धाडस असते, पण खाली हवा तीच असते आणि ती नाते ओळखत नाही. कुणी पडलेला दिसला तर उडी टाकायची नाही, दम रोखूनही नाही. अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करायचा, असतील ती शेजारची झाकणे उघडायची, पंखा वा ब्लोअर मिळाला तर बाहेरची ताजी हवा आत सोडायची. आणि मुळात उतरणाऱ्याच्या छातीला आणि मांड्यांना पट्टा बांधलेला असला पाहिजे, तोंडावर तिपाई आणि कप्पी असली पाहिजे, आणि दोराचे दुसरे टोक वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असले पाहिजे, म्हणजे दुसऱ्या कुणाला खाली न उतरता त्याला ओढून काढता येते.

नमो बुद्धाय. जयभीम.